टांगेवाल्याचा 'वी'

हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरच्या वर्षांत परभणीत आम्ही चौघे एस्पेरांतो शिकत होतो. जगात सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम तयार केलेली ही भाषा. कचेरीत उर्दू जाऊन मराठी येत होती, आणि रविवारी आमच्यातल्या कंपाउंडरच्या ओसरीवर आम्ही ही तिसरीच घोकत होतो.

चौथा गडी टांगेवाला होता. नामाच्या शेवटी 'ओ' येतो एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. "चहाओ द्या," म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा. एकदा चाबकाची वादी बोटाला गुंडाळत म्हणाला, "हिच्यात तू न्हाई, तुमी न्हाई. सगळ्यायला एकच 'वी'. म्हणून तर येतो मी."

एकदा स्टेशनाबाहेर मी आमच्या साहेबांबरोबर उभा होतो. त्याने टांगा थांबवला, छातीला हात लावला आणि म्हणाला, "सालूतोन, अमीको." म्हणजे नमस्कार, मित्रा.

साहेबांनी विचारलं, "ओळखता याला?"

"नाही," मी म्हणालो आणि त्याच्याकडे वळलो. "ए, तू हो पुढं."

"जी साहेब," म्हणून त्याने घोडा हाकला.

पुढच्या रविवारी तो आला. चहाचा कप माझ्याकडे सरकवताना त्याने मला 'वी'च म्हटलं. मीही त्याला 'वी' म्हटलं; तिथे साहेब नव्हते.

वर्षभरात टांगा विकून तो जालन्याकडे गेला. ओसरीबाहेर, चार माणसांच्या देखत त्याला 'वी' म्हणायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.