दुसऱ्या घरची गौर

पडद्यावर कोणाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. मुलं हसतात. म्हणतात, अगं, तो ऑनलाइन आहे एवढंच. एवढंच कसं? एक अख्खा पावसाळा मी तसल्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्याहून जास्त विश्वास ठेवणारी एक बाई तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. रत्नागिरीत दुकानांच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. कार्यालयीन कामकाजाचा वर्षभराचा कोर्स, धडे इंटरनेटवर, चाचण्याही इंटरनेटवर, आणि मी म्हणे मार्गदर्शक. विद्यार्थ्याने कुठल्याही सायबर कॅफेतून आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की तो आमच्या वर्गात हजर. चाचणीत चार पर्याय, गुण यंत्रच द्यायचं. माझ्या वाट्याला आठवड्याचा एक लेखी प्रश्न. तो वाचून दहापैकी गुण भरायचे आणि खाली शेरा लिहायचा.

मराठी अक्षरं निम्म्या यंत्रांवर उमटायचीच नाहीत, म्हणून सगळे मराठी उत्तरं इंग्रजी लिपीत लिहायचे. वाचताना डोक्याचा भुगा व्हायचा. त्याआधी मी शाळेत शिकवत होते. वहीतलं अक्षर बघून कोणाची वही ते सांगायचे, कोणी भावाकडून निबंध लिहून आणला तर तेही पकडायचे. इथे सगळ्यांचं अक्षर एकच. उत्तर बरोबर आहे की चूक ते कळायचं, पण ते कोणी लिहिलंय हे कळायला काही मार्ग नव्हता. मी हे वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं की पासवर्ड आहे ना, मग झालं.

या कोर्सला एक तरुण होता. देवरूखच्या वरच्या अंगाला गाव, कामाला मिरजोळ्याच्या कारखान्यात. पहिले काही महिने संध्याकाळी केंद्रातच यायचा. प्रश्न फार विचारायचा, मी वैतागायचे, आणि तो नाही आला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. शिमग्याला घरी गेला तो बापाशी कडाक्याचं भांडून तसाच मुंबईला निघून गेला. पत्ता नाही, फोन नाही. कोर्स मात्र त्याने सोडला नाही. तिकडच्या कुठल्यातरी कॅफेतून तो धडे करत होता.

ही गोष्ट त्याच्या आईला कारखान्यातल्या कोणीतरी सांगितली असावी. ती बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन रत्नागिरीत यायची. एक दिवस पाटी दाराशी ठेवून थेट आत आली.

"बाई, माजा झील तुमच्या टीव्हीत दिसतो म्हनतात."

मी तिला नाव दाखवलं. ठिपका हिरवा होता, म्हणजे तो त्या घटकेला मुंबईत कुठेतरी बसून धडा वाचत होता. तिने पदराने हात पुसला आणि पडद्याला, त्या नावाला, बोट लावलं. त्यानंतर ती दर बाजाराला यायची. "काय म्हनतोय?" असं विचारायची. म्हणतोय काय डोंबल! चाचणीत किती मिळाले ते मी सांगायचे. सात मिळाले म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. जेवलाय, बरा आहे, असं काहीतरी ती त्या आकड्यातून वाचत असणार.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या उत्तराखाली शेरा लिहिला. उत्तराबद्दल काहीच नाही. तुझी आई दर बाजाराला इथे येऊन तुझी चौकशी करते, एवढंच. त्यानंतर तो धडे नेमाने करायला लागला. पुढे पुढे तर एक आठवडा चुकेना, गुणही वाढले. मी खूश होते. केंद्राच्या सरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, शेरा असा लिहावा लागतो.

लेखी प्रश्न ठरलेले असायचे, संगणकाचे फायदे, इंटरनेटचे उपयोग. सगळे एकमेकांचं उतरवायचे, चुकांसकट. गणपती झाल्यावर मी कंटाळून स्वतःचाच प्रश्न टाकला. तुमच्या घरी गौर कशी आणतात ते लिहा. आणि काय सांगू, वर्ग जागा झाला. एरवी दोन ओळींत गुंडाळणारी मुलं पान पान लिहायला लागली.

त्याचंही उत्तर आलं. आई शेजारीच होती. म्हटलं, काकी, आज आकडा नाही, आज तुमचा मुलगा खरंच बोललाय, ऐका. मी मोठ्याने वाचायला लागले. गौरी आणायला घरातल्या बायका पाणवठ्यावर जातात. तिथून खडे उचलतात. येताना कोणी एक शब्द बोलत नाही. लहानपणी मी मुद्दाम आईला हसवायला बघायचो, पण ती हसायची नाही. खडे तबकात ठेवून घरभर फिरवतात. फार सुंदर लिहिलं होतं.

"आमच्यात तेरड्याची गौर," ती म्हणाली. "खडे नायत. मीच तेरडा उपटून आनते. ह्यो माझ्यासंगं यायचा, मुळाची माती झटकायला."

"विसरला असेल," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. असलं कोणी विसरतं का, हे तिला बोलून दाखवावं लागलं नाही.

मग ते नाव पडद्यावर आम्हा दोघींसमोर तसंच होतं, ठिपका हिरवा, आणि त्याच्यामागे कोण बसलंय ते दोघींनाही माहीत नव्हतं. मला चक्क भीती वाटली. उठून पंखा बंद केला, उगाचच. कधीपासून हा दुसरा? वाढलेले गुण कोणाचे?

मी तिला नीट समजावलं. विचारता येईल. पण विचारलं तर तो माणूस घाबरून यायचा बंद होईल, मग हेही उरणार नाही. तिने बराच वेळ पाटीतल्या पडवळांवरचं फडकं सारखं केलं.

"इचारा," ती म्हणाली.

मी शेऱ्यात लिहिलं: हे नाव ज्याचं आहे तो कुठे आहे? त्याची आई माझ्या शेजारी बसली आहे.

पुढच्या आठवड्याचा प्रश्न होता रजेचा अर्ज. ती बाजाराआधीच येऊन बसली होती, पाटी भरलेलीच. मी उत्तर उघडलं. त्यात अर्ज नव्हता.

"बाई, आम्ही एका खोलीत राहायचो. पावसाच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. इस्पितळात नेला, पण तो उठला नाही. तुमचा शेरा त्याने वाचला होता. मला पासवर्ड दिला आणि म्हणाला, आई दर बाजाराला विचारायला येते, मी बरा होईपर्यंत धडे थांबवू नको. गाव त्याने कधी सांगितलं नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण धीर झाला नाही, आणि दिवस गेले तसं जास्तच अवघड झालं. गौरीचं माझ्या घरचं लिहिलं गेलं. चुकलं माझं."

मी वाचलं तेव्हा तिच्यापासून एकही शब्द लपवला नाही. लपवायला हवा होता का, ते मला आजही ठरवता येत नाही. खाली गुणांचा चौकोन रिकामा होता. गुण भरल्याशिवाय शेरा जात नसे आणि पानही पुढे सरकत नसे. असला निर्दय कारभार मी दुसरा बघितला नाही. तिच्या मुलाच्या मरणाला मी दहापैकी काय देणार होते?

"थांबलाय का तो तिकडं?" तिने विचारलं. ठिपका हिरवा होता. मी हो म्हटलं.

"मग लिवा त्याला. त्याची गौर त्याच्या घरची. चूक नाय म्हनावं."

मी दहाचा आकडा भरला आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. गेलं, म्हणून तिला सांगितलं. ती पाटी उचलायला खाली वाकली आणि पाटीला धरून तिथेच फरशीवर बसली.