झऱ्याच्या वाटेला कुठला कायदा?

आज वारा पडलाय. ऊन असं, की माथेरानचा डोंगर धुरकट दिसतोय आणि आंब्याचं पान हलत नाही. अशा दिवशी अंगणात बसलं की फार जुनं आठवावं लागत नाही. ह्या एका महिन्यात नकाशाचेच इतके किस्से साठलेत, की दुपार पुरत नाही.

कडावच्या शाळेतल्या सुषमाबाई रविवारी फोन घेऊन रानवाटा फिरतात. माणूस चालेल तशी फोनात रेघ उमटते, मग ती बाई जगाच्या नकाशावर चढवतात. नकाशा फुकट, साऱ्यांनी मिळून केलेला. आमच्या वाडीपासून झऱ्यापर्यंतची वाट मीच त्यांना दाखवली. म्हटलं, "बाई, ही वाट समद्यांना ठाव हाय की."

"फार्महाऊसवाल्याला नाही ना बाबा," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. झऱ्याकडची जमीन त्यानं नुकतीच घेतली होती, आणि त्याला तिथं कुंपण घालायचं होतं.

*

पंधरा दिवसांत खालापूरहून त्याचे वकीलसाहेब आले. म्हणाले, ही रेघ आमच्या प्लॅनवरून चोरली, कॉपीराइट आमचा, काढून टाका.

बाईंनी त्यांचा प्लॅन पाहिला. ऐनाच्या झाडाभोवती रेघेचे तीन वेढे. मी बाईंना वाट दाखवली त्या दिवशी माझी शेळी सुटली होती. बाईंचा फोन माझ्या हातात, आणि शेळीमागं मी झाडाला तीन फेरे घातले होते.

मी विचारलं, "साहेब, तुमच्या इंजिनेराचीबी शेळी सुटली व्हती का?"

"तो तांत्रिक मुद्दा आहे," वकीलसाहेब म्हणाले.

*

मग निघालं, कायदा कुठल्या देशाचा? वाट कर्जतची, बाई कडावच्या, नकाशा ठेवलाय परदेशातल्या मशीनमध्ये. बाईंनी नकाशावाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, अमेरिकेत नुसत्या खऱ्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते. दुसऱ्यानं लिहिलं, युरोपात खऱ्या गोष्टींची मोळी बांधली तर मोळीवर असते. आणि आपल्याकडं? "ते कोर्टात गेल्यावर कळेल."

फार शिकलेली माणसं. दोन दिवस भांडली. झऱ्यावर एकही आला नाही.

*

वकीलसाहेब पुन्हा आले. "मुळात ही वाट काढली कुणी?"

"बारकीच्या सासूनं," मी म्हटलं. बारकी माझी शेजारीण. "आदी तितं करवंदीच्या जाळ्या व्हत्या. तिनं कोयत्यानं तोडल्या."

"त्यांची लेखी परवानगी आहे?"

"वारली ती. वीस वर्सं झाली."

"मेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट राहतो," साहेब सवयीनं बोलून गेले.

"मंग अजून चाळीस वर्सं तिचीच. नोटीस कुटं धाडता?"

साहेबांनी फाईल मिटली आणि पाणी मागितलं. झऱ्याचंच दिलं.

*

शेवटी परदेशातून नकाशावाल्यांचा निरोप आला. कुठला कायदा लागतो ते ठरेपर्यंत रेघ काढून ठेवतो. न्याय करायला कुणाला घाई नसते, रेघ पुसायला असते. वाट आहे म्हणून तलाठ्याला दाखवायला आमच्याकडं तेवढी एकच रेघ होती. वकीलसाहेब गाडीची काच खाली करून म्हणाले, "आजोबा, आता नकाशात वाट नाही. सोमवारी कुंपण."

बारकीला कसं सांगावं, ह्याचा मी अर्धा दिवस विचार केला. एवढ्यात तीच समोरून आली, डोक्यावर दोन हंडे, पदर भिजलेला.

म्हटलं, "बारके, झऱ्याची वाट गेली गं. नकाशातनं काढली."

ती थांबली. वळून मागं बघितलं.

"मंग मी आता कुटनं आले रं दादा? बोलत काय बसलास, वरचा हंडा उतरव."