पहिल्या बेअरिंगचा ठोका

जव्हार संस्थानच्या मोटरखान्यात मी मिस्त्री म्हणून लागलो तेव्हा तिथं दोन मोटरी होत्या. नवी महाराजांच्या बसण्याची. जुनी मोठ्या लढाईच्या आधी विलायतेहून आलेली, पितळी दिव्यांची, कापडी टपाची. महाराज मुंबईला गेले की नवी मोटर त्यांच्याबरोबर जाई आणि मग संस्थानात इंजिनावर पळणारं असं ते एकच जुनं धूड उरे.

ते चालवणारे ड्रायव्हर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणे, ते मला मिस्त्री म्हणत. मी नाशकाहून आलो तेव्हा जव्हारात माझं कोणी नव्हतं. पहिला महिनाभर काकांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. काकू चुलीपुढे बसवून नागलीची गरम भाकर वाढायच्या आणि काका जेवता जेवता मला त्या इंजिनाबद्दल सांगायचे. मी रेल्वेच्या कारखान्यात शिकलेला, हातात हत्यार धरलं की मला कळायचं. काकांना कानानं कळायचं. चार सिलिंडरांपैकी कुठलं चुकतंय, हे ते गाडी वळणापलीकडे असतानाच सांगत, आणि मी प्लग काढून पाहिला की तेच निघे.

त्या पावसाळ्यात काकांना हिवताप आला. तो आमच्याकडे दरवर्षी कोणाला ना कोणाला येईच, पण काकांचा ताप उतरेना. दवाखान्यातून क्विनाइनच्या पुड्या आल्या, पुन्हा पुन्हा आल्या. शेवटी ताप गेला. माणूस वाचला, हेच आम्हाला पुष्कळ वाटलं. उठून बसल्यावर ते मला म्हणाले, "मिस्त्री, कानात रातकिडे बसलेत रे."

"जातील हळूहळू," मी म्हणालो.

ते गेले नाहीत. फार क्विनाइननं कान जातात, हे मला मागाहून कळलं. दिवाळीपर्यंत माझ्या लक्षात आलं की मागून हाक मारली तर काका वळत नाहीत. समोरून बोललं की ओठांकडे बघत आणि बेतानं उत्तर देत. एकदा मी पाठीमागून तीनदा हाक मारून शेवटी पुढे गेलो, तर म्हणाले, "कामात असताना बोलू नये माणसानं." मी हसलो. तेही हसले. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही.

त्याच सुमारास जुनं इंजिन मी पूर्ण उघडलं होतं. आतली सगळी बेअरिंगं झिजून ढिली झाली होती. ज्या कंपनीनं ते इंजिन बनवलं तिला संस्थानच्या कारभाऱ्यांनी पत्र घातलं, तर उत्तर आलं की असलं इंजिन आता कोणी करत नाही आणि त्याचे भागही शिल्लक नाहीत. मग उरलं ते हातानं करणं. भात्यावर पांढरा धातू वितळवला, पिस्टनच्या दांड्यांच्या तोंडात पळीनं ओतला. थंड झाल्यावर, हे दांडे जिच्यावर फिरतात त्या मधल्या दांडीला तेलात कालवलेलं काजळ फासून, बेअरिंग त्यावर बसवून एकदा फिरवायचं. जिथं काळं लागलं तिथं धातू उंच आहे, म्हणून तेवढाच खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा खरवडणं. एका बेअरिंगला दोन दिवस लागत. काका समोर ओंडक्यावर बसून पाहत. शेवटी बोटानं चाचपून म्हणत, "आता लागलं बघ अंगाला."

इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी त्यांना बजावून सांगितलं. अगदी समोर उभा राहून, सावकाश. "काका, बेअरिंग नवं आहे. महिनाभर सपाटीवरच चालवायची. चढाला लावायची नाही."

कारण असं की त्या इंजिनाला तेलाचा पंप नव्हता. दांड्यांच्या बुडाला लहान चमचे होते. ते फिरताना खाली साचलेल्या तेलात बुडत आणि तेल वर उडवत. गाडी चढाला लागली की सगळं तेल मागच्या बाजूला जाई आणि पुढच्या, पहिल्या दांड्याचा चमचा कोरडाच फिरे. मुरलेलं बेअरिंग थोडा वेळ निभावून नेतं. नवं असलं की तापतं आणि वितळण्याआधी ठोका देतं. ठोका ऐकला की लगेच थांबायचं, म्हणजे काही बिघडत नाही.

महिना काही मिळाला नाही. आठव्या दिवशी सकाळी मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून एक माणूस धावत दवाखान्यात आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. पाड्यावरच्या सुईणीनं हात टेकले होते. महाराज मुंबईला, नवी मोटर मुंबईला. डॉक्टर आपली पेटी घेऊन थेट मोटरखान्यात आले.

"गाडी निघेल का?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी डॉक्टरांच्या ओठांकडे पाहिलं आणि हँडल उचललं.

मी मागच्या बाजूला पेटी धरून बसलो. डॉक्टर पुढे काकांच्या शेजारी. तो माणूस आत बसायला तयार होईना, पायरीवरच उकिडवा बसला, टपाची दांडी घट्ट धरून. पहिले काही मैल गाडी छान गेली. मग चढ सुरू झाला. अर्ध्या चढावर मला तो ठोका ऐकू आला. आधी कोणी लांबून लाकडावर बोटानं टकटक करावं तसा. मग स्पष्ट.

"काका, थांबा!" मी ओरडलो.

काका वळले नाहीत. त्यांचे हात चाकावर, नजर रस्त्यावर. डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

मी हात पुढे केला. एक हात खांद्यावर ठेवला असता, तर काका थांबले असते. पण डॉक्टर बघत होते. खांद्याला हात लावून थांबवावं लागतं, म्हणजे या माणसाला ऐकू येत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत कारभाऱ्यांना. मला वाटलं, एवढं वळण जाऊ दे, पुढे जरा सपाटी आहे, तिथं काका आपणच थांबतील. माझा हात तसाच अर्ध्यात राहिला.

वळण पुरं झालं नाही. आत काहीतरी कडाडलं, गाडी हिसका देऊन उभी राहिली आणि बॉनेटखालून धूर आला.

मी खाली उतरून तेलाचा नळ सोडला. काळ्या तेलातून चांदीसारखे चकचकीत कण येत होते. मी ओतलेला, मी खरवडलेला धातू.

पायरीवरचा माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. "दादा, आता ही कदी चालंल?"

"आज नाही," मी म्हणालो.

 त्यानं मागून पेटी काढली, डोक्यावर घेतली आणि चालू लागला. डॉक्टर त्याच्या मागे. पाडा अजून तीन कोस होता. ते दोघे झाडीत दिसेनासे होईपर्यंत काका रस्त्यात उभे होते. मग ते गाडीपाशी आले, बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसला तरी तो काढला नाही. मीच त्यांचा हात धरून बाजूला केला.

बाई वाचली. मूल नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा मी त्यांना विचारलं, "तुम्ही वेळेत पोचला असता तर?" ते चष्मा पुसत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले. मला त्यांनी हो किंवा नाही, काहीही म्हणायला हवं होतं.

कारभाऱ्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की बेअरिंग माझं, चूक माझी, एवढंच सांगायचं. ते मी सांगितलंही. कारभारी कागदावर काही लिहीत होते. मान वर न करताच त्यांनी काकांना विचारलं, "इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा गाडी का थांबवली नाही?"

काका अदबीनं म्हणाले, "होय साहेब. निघताना रेडिएटरात पाणी गळ्यापर्यंत भरून घेतलं होतं."

कारभाऱ्यांची लेखणी थांबली. दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं खाली पाहिलं. काकांनी आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांना समजलं.  त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि नमस्कार करून बाहेर पडले.

कारभारी वाईट माणूस नव्हते. मोटरखान्यात झाडलोटीचं काम देतो, म्हणाले. काकांनी ते घेतलं नाही. जव्हार सोडण्याआधी एकदा मात्र ते मोटरखान्यात आले. मी पहिलं बेअरिंग पुन्हा ओतून बसवलं होतं, इंजिन चालू होतं. आम्ही मिस्त्री लोक लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आतला आवाज ऐकतो. काकांनी ती दांडी माझ्या हातातून घेतली. आधी एका कानाला लावली, मग दुसऱ्या. मग दातांत धरली, डोळे मिटले. मी वाट पाहत उभा होतो.

"नुसती थरथर," ते म्हणाले आणि दांडी परत दिली.

काकू जामसरकडच्या. त्यांच्या माहेरच्या शेतावर ती दोघं राहायला गेली. मी जाईन जाईन म्हणत वर्ष काढलं. पुढच्या कार्तिकात गेलो तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. काकांनी मला लांबूनच पाहिलं, हातातली पेंढी टाकली आणि पुढे आले. आता ते फार मोठ्यानं बोलत, कारण आपला आवाज त्यांना ऐकू येत नसे. खळ्यावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती.

"गाडी कशी आहे?"

मी हातानं बरी असल्याचं दाखवलं. आता तीही मीच चालवत होतो.

आम्ही पेंढ्यावर बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी तुझा हात मला दिसला होता. समोरच्या काचेत. माझ्या खांद्यापर्यंत आला आणि थांबला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"मला कळलं होतं काहीतरी बिघडलंय. थांबलो असतो, तर का थांबलो ते डॉक्टरांना सांगावं लागलं असतं. म्हटलं, वळण काढू." ते हे सगळं ओरडूनच सांगत होते. झोडणी थांबली होती. "ती बाई कुठल्या पाड्यावरची, मला विचारायचंही राहिलं. तुला माहीत आहे का?"

मी मान हलवली. मलाही माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना कधीच विचारलं नव्हतं. हात का थांबला ते मलाही सांगायचं होतं, पण एवढं सगळं ओठांवरून त्यांना कळलं नसतं आणि लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नव्हतं. काकूंनी घरातून हाक मारली, जेवायला चला म्हणून. मी उठलो आणि काकांचा हात धरून त्यांनाही उठवलं.