भूकंपानं नेलेली मिशी

सकाळी देवापुढं बायको काडी ओढते आणि त्या वासासरशी माझा हात वरच्या ओठावर जातो. लग्नाआधीची गोष्ट. तामलवाडीच्या आमच्या शेतात पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून पाण्याची जागा दाखवली होती, पण बोअर घेतला तर नुसता धुरळा उडाला. मी चारचौघांत म्हणालो, "इथं पाणी लागलं तर मिशी उतरवीन!" पुढच्याच आठवड्यात सकाळी कपबश्या खडखडल्या, पत्रे वाजले, आम्ही अंगणात पळालो. जमीन थांबली, पण बोअर गुरगुरायला लागला, आणि गढूळ, कोमट, ओढलेल्या काडीच्या वासाचं पाणी वर आलं. हादऱ्यानं खडकातल्या भेगा मोकळ्या झाल्या, असं शाळेतले सर समजावत होते, तोवर पाणाड्या न्हाव्यालाच घेऊन हजर! "मामा, हे पाणी भूकंपाचं हाय, तुमचं न्हाय!" मी ओरडलो. "व्हय, पण जागा कुणी दाखवली? बस खाली!" दुसऱ्या दिवशी मला मुलगी बघायला जायचं होतं. लई गयावया केली, तरी मिशी गेलीच. आठ दिवसांत पाणीही परत खाली गेलं. मुलीचा मात्र होकार आला. मिशी असती तर नकारच दिला असता, हे ती रोज काडी विझवता विझवता सांगते.