वामनचं नाव झाकताना

वामनला जाऊन आज वर्ष झालं, आणि भंडाऱ्यात कितीतरी लोकांना ते अजून माहीतच नाही.

काल एक बाई माझ्या गेटवर जुन्या पुस्तकांची थैली घेऊन आल्या. "वामनभाऊले देऊन देजा," म्हणाल्या.
मी "हो" म्हटलं.
आता मेलेल्या माणसाचा निरोप्या झालोय मी.

वामन गोंडाणे. माझा ऑफिसमधला मित्र. आयुष्यभर टेबलाला टेबल लावून बसलो, सोबतच रिटायर झालो.
माझी बायको गेली तेव्हा मी दार लोटून घरात बसलो होतो. हा दार वाजवत नाही, सरळ आत येतो.
"काय करून राहिला? भिंतीकडे पाहून राहिला? चाल, लेबलं चिकटव!"

म्हणजे त्याचा उद्योग. घरोघरून जुनी पुस्तकं, दप्तरं, कंपासपेट्या गोळा करायच्या आणि मोहाडी-अड्याळकडच्या लहान लहान शाळांत नेऊन द्यायच्या. माझ्या स्कूटरवर. पेट्रोल माझं, शिव्या त्याच्या.

जे आलं ते दिलं, असं त्याचं नव्हतं. प्रत्येक स्केचपेन तळहातावर ओढून बघायचा. जेवायला बसला की हात मनगटापर्यंत हिरवा-जांभळा, आणि वहिनींचा पारा वर.
फाटकी गाईडं आली की तोंड सुटायचं. "दान करून राहिले का घर झाडून राहिले हे लोक?"

आणि एक नियम. पुस्तकावर आधीच्या पोराचं नाव असेल तर त्यावर कोरं लेबल चिकटलंच पाहिजे. एकही सुटता कामा नये.

मी वैतागायचो. "अबे, नावानं काय फरक पडते? आतलं तर तेच आहे ना?"

तेव्हा त्यानं सांगितलं. "मी मालगुजाराच्या पोराच्या जुन्या पुस्तकांवर शिकलो. पुस्तक उघडलं का पयले त्याचं नाव दिसे. वर्षभर वाटे, आता कोनी येईन आन् मांगून घेईन. उसनं पुस्तक मन लावून वाचता येत नाही रे."

मी लेबलं चिकटवायला लागलो.

मागच्या वर्षी ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो गेला. सकाळी चहा पिता पिता. कोणाला त्रास नाही, कोणाला निरोप नाही. पक्का आगाऊ माणूस.

मग मी एकदा एकटाच शाळेत जाऊन आलो. रस्ताभर मागून कोणी "हळू चालव ना बे" म्हणालं नाही. परत गेलो नाही.

दिवाळीनंतर त्याच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. "काका, आईले मी इकडे घेऊन आली. घर खाली करून राहिलो. बाबांची पुस्तकं तुमच्याकडे पाठवू का? तुमीच देऊन टाका कोन्या शाळेत."

खोकी आली. उघडली.
नोकरी लागल्यापासून वामननं स्वतःसाठी घेतलेली कोरी पुस्तकं. चरित्रं, गोष्टी, शब्दकोश, नकाशांचं एक मोठं पुस्तक. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत, ऐसपैस अक्षरांत, पूर्ण नाव.
शाळेची सगळी वर्षं दुसऱ्याचं नाव वाचलेल्या माणसानं हौसेनं लिहिलेलं स्वतःचं नाव.

खोकी तशीच बंद केली. ठरवलं, द्यायची नाहीत. माझ्याकडे त्याचं दुसरं होतं तरी काय?
कधीकधी एखादं काढून नुसतं पहिलं पान बघायचो. तेवढीच सोबत.

या महिन्यात अड्याळकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन आला. "काका, वामनकाकांचं समजलं. पन तुमी तरी येत जा ना. पोरं वाचायले मांगतात, द्यायले एकबी पुस्तक नाही."

"येतो," म्हटलं. फोन ठेवला आणि रडलो. स्पष्टच सांगतो, खूप रडलो.

मग कोरी लेबलं बाहेर काढली आणि एकेक पुस्तक घेऊन वामनचं नाव झाकत गेलो. मोठ्यानं त्याला शिव्या देत होतो. कोणता मित्र असं काम लावून जातो? घरात ऐकायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं.

शाळेत पोरांनी पुस्तकांवर झडप घातली. चौथीतली एक मुलगी नकाशांचं पुस्तक घेऊन तिथंच फरशीवर बसली. पेन्सिल दाबून दाबून लेबलवर स्वतःचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"आबाजी, हे पयले कोनाचं होतं?"

सगळं ओठांवर आलं होतं. त्याचं नाव, हिरवे-जांभळे हात, सगळं.

म्हटलं, "कोनाचंच नाही, बेटा. तुहंच आहे."

ती खाली मान घालून नकाशा बघायला लागली. मी बाहेर येऊन स्कूटरपाशी बराच वेळ उभा राहिलो.

वामन, पुस्तकांवर तुझं नाव ठेवता आलं नाही. म्हणून इथं लिहितो, पूर्ण लिहितो.

वामन सीताराम गोंडाणे, भंडारा.

तुला मनापासून श्रद्धांजली, मित्रा. फार आठवण येते रे.