कापून नेलेला चेहरा

ते प्रकरण आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ. मी दादर भागात सब-इन्स्पेक्टर होतो.

तिथल्या एका बंगल्यात जुन्या मुंबईकर घराण्यातल्या एक बाई राहत. दर उन्हाळ्यात त्या घरच्या दिवाणखान्यात आणि बागेत चित्रं मांडत. आंब्याखाली खुर्च्या, येणाऱ्याला वाळ्याचं सरबत, तिकीट नाही. त्या वर्षी भर दुपारी तिथलं एक चित्र कुणीतरी कापलं. चित्रात होता गोळीबारात मेलेला एक तरुण, उघड्या अंगाने निजलेला. त्याचा चेहरा तेवढा कापून नेला होता.

फिर्याद चित्रकाराची. मोठं नाव. आमचे वरिष्ठ म्हणाले, "चळवळवाल्यांचंच काम. चार पोरं उचला."

मी पोरं उचलली नाहीत. पंचनामा केला, उरलेलं चित्र मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणलं. बागेतल्या माळ्याने एका नऊवारीतल्या बाईला पदराखाली काहीतरी धरून जाताना पाहिलं होतं. मग खबऱ्याने बातमी आणली, चित्रातला मुलगा लालबागच्या एका चाळीतला आहे. आई गिरणीत कामाला.

त्या आईला ठाण्यात बोलावलं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"होय, मियाच कापलंय. माझो झील थंय उघडो पडलेलो, नि लोक सरबत पित बघतत!"

"तो तुकडा कुठे आहे?"

"चुलीत घातलंय."

"चित्रकार म्हणतात, चेहरा काल्पनिक आहे."

त्या भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे गेल्या. फासळीखालच्या तांबूस डागावर बोट ठेवलं. "लहान असताना पेजेचो टोप अंगार उलाटलो, तेवाचो डाग ह्यो. सदऱ्याखालचो डाग ह्या चित्रकाराक कसो दिसलो? माका शवागाराच्या दाराभायर बसवन ठेवल्यानी. ह्येका भितर कोणी सोडल्यान?"

मी फिर्यादीलाच ठाण्यात बोलावलं.

"हा डाग तुमच्या कल्पनेतला?"

आधी ते हसले. मग चिडले. मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी म्हणाले, "ओळखीच्या माणसाने आत सोडलं. स्केच करून घेतलं. कलेला कुणाची परवानगी लागते?"

"दारात त्याची आई बसली होती."

"असेल. एक बाई रडत होती खरी. वाटेतच बसलेली. तिला ओलांडून जावं लागलं."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं.

बंगल्याच्या मालकीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी सगळी चित्रं उतरवली आणि फाटकाला कडी घातली. फिर्यादीने मात्र तक्रार मागे घेतली नाही. वरिष्ठ म्हणाले, "बाईने कबूल केलंय ना? मग पाठवा कोर्टात." पाठवावंच लागलं. भोईवाड्याच्या कोर्टात त्या माउलीने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी तो डाग स्वतः पाहिला, फिर्यादीकडे बराच वेळ बघितलं आणि बाईंना ताकीद देऊन सोडलं.

मुद्देमाल मालकाला परत करायचा असतो. चित्र चित्रकारांना परत मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ते दुसरीकडे लावलं, मध्ये भोक होतं तसंच. लोकांनी वाहवा केली म्हणे. मी गेलो नाही.

आरोपीच्या आधी फिर्यादीची उलटतपासणी करावी, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे फार उपयोगी पडलं. पण राग उतरला नाही, आणि तो एकट्या चित्रकारावर नव्हता. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, शवागाराच्या दारावर आमच्याच खात्याचा शिपाई होता. त्याने आईला काठी आडवी लावली आणि चित्रकारसाहेबांना सलाम ठोकून दार उघडून दिलं. त्याच्यावर लावायला माझ्याकडे एकही कलम नव्हतं.