पुतळ्याचा सूट

आमच्या फायर स्टेशनवर आगीपेक्षा इतर कामंच जास्त. मंत्री येणार असले की हेलिपॅडवर पाणी मारा, रस्ता धुवा, झाडावरचं माकड उतरवा. गाडी मीच चालवतो, त्यामुळे सगळीकडे मी असतोच. असे किस्से साठत जातात. आम्ही ते एकमेकांना सांगून हसतो, घरी मात्र सांगत नाही.

*

पहिल्यांदा आमच्यातल्या विलासचं सांगतो. लाकडं कापायच्या आरामशिनीला आग लागली तेव्हा तो धुरात शिरला, तो परत आलाच नाही. तोंडाला ओला दुपट्टा होता. आमची तीच पद्धत. गेटजवळ पाण्याचा ड्रम ठेवलाय. निघताना त्यात दुपट्टा बुचकळायचा, तोंडाला गुंडाळायचा आणि गाडीत चढायचं. सूट आणि मास्क आम्ही दरवर्षी मागायचो, दरवर्षी फंड नसायचा. विलास गेला आणि स्मारकाला महिन्याभरात मंजुरी आली!

*

पुतळा करणारे शिल्पकार नागपूरहून आले. म्हणाले, पूर्ण सूट घातलेला माणूस समोर उभा करा. आम्ही स्टेशनच्या साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे.

पंधरवड्यात सूट आला. हेल्मेट, मास्क, पाठीवरचं हवेचं सिलिंडर, सगळं चकाचक. आम्ही हात लावायला गेलो तर साहेब ओरडले, "लांब राहा, पुतळ्याचा आहे तो!"

प्रवीण अंगानं विलाससारखा, म्हणून त्याला सूट घालून उभं केलं. जिवंत माणसाच्या पुतळ्याला हार घालणार म्हणून त्याच्या बायकोनं दोन दिवस चूल पेटवली नाही. आम्ही त्याला विचारलं, कसा आहे रे सूट?

"हलका हाय," एवढंच म्हणाला.

आम्हाला वाटलं, इंपोर्टेड असेल.

*

अनावरणाच्या दिवशी एक गाडी हेलिपॅडवर होती, दुसरी, माझी, पुतळा धूत होती. तेवढ्यात सिंदेवाहीच्या रस्त्यावरून फोन आला, कापून रचलेलं धानाचं पुंजणं पेटलंय. आम्ही पोचलो तेव्हा राख उरली होती. ज्याचं धान होतं त्यानं शांतपणे विचारलं, "कुठी होते, भाऊ?"

"पुतळा धूत होतो," मी म्हणालो.

त्यानं आम्हाला प्यायला पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

त्याच कार्यक्रमात विलासच्या आईला, मंदाबाईला, साडी-नारळ दिलं. तिनं पुतळा खालपासून वरपर्यंत पाहिला आणि मला विचारलं, "भाऊ, हे टोपी, हे मास्क आमच्या विलासले कधी भेटलं होतं?"

मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, वीरमाता भारावल्या.

प्रवीणनं घातलेला सूट पुतळ्याच्या पायथ्याशी काचेच्या पेटीत ठेवला. कुलपाची चावी साहेबांच्या खिशात. मंदाबाईनं पेटीशेजारीच उकडलेल्या शेंगांची टोपली मांडली. आमच्या गेटच्या अगदी समोर. गाडी निघाली की ती उठून उभी राहायची.

*

आता या उन्हाळ्यातलं. प्लायवूडचं गोदाम पेटलं, आत दोन मजूर अडकलेले. साहेब मुंबईला. मी गाडी चालू केली, प्रवीण ड्रमकडे धावला. तेवढ्यात काच फुटल्याचा आवाज आला.

मंदाबाई गाडीसमोर येऊन उभी राहिली. एका हातात शेंगा तोलायचं किलोचं वजन, काखेत सिलिंडरसकट सूट, मनगटातून रक्त.

"हे घाल, मंग जाय," ती प्रवीणला म्हणाली.

"बाई, सरका. उशीर होऊन राह्यला."

"एक पोरगं देलं मी. पुतळ्याले आग लागत नाई. घाल!"

प्रवीणनं खाली पाहिलं. "मी घालून पाह्यलं हाय, बाई. नकली हाय. फोटोपुरतंच बनवलं हाय. सिलिंडर प्लास्टिकचं हाय."

मंदाबाईनं सिलिंडर हातात तोलून पाहिलं. मग सूट तिथंच टाकला. प्रवीणच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, ड्रममध्ये बुचकळला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडाला घट्ट बांधला.